सव्वा तास

चौदा नंबरच्या फॉर्मवरची बरोबरची खूण खालून वर गेलेली होती. जगातली बाकी माणसं ही खूण वरून खाली आणून मग वर नेतात. हा एकच माणूस ती खालून सुरू करतो आणि वर नेऊन सोडून देतो, पुढचं कोणीतरी बघेल अशा भरवशावर. तिची बोटं कळफलकावर थांबली. प्रश्न सदतिसावा होता : गेल्या पाच वर्षांत घरातल्या आजारी माणसाची शुश्रूषा केली का? हो. कोणाची? आईची. त्या काळात आठवड्याला सरासरी किती तास? वीस. वीसमधलं शून्य नीट, गोल, टोकं जुळलेलं. विचार करून काढलेलं शून्य.

या संस्थेची एक जुनी रीत होती. कोणतीही नवी तपासणी लोकांवर करण्याआधी कर्मचाऱ्यांवर करायची. रक्ताच्या पाहणीच्या वेळी सगळ्यांनी बाह्या वर करून आधी आपलं रक्त दिलं होतं, झोपेच्या पाहणीच्या वेळी सगळे मनगटाला पट्टे बांधून आठवडाभर जांभया देत हिंडले होते. आता लिंगभावाची पाहणी होती, म्हणून पहारेकऱ्यापासून संचालकांपर्यंत सव्वीस जणांनी सव्वीस फॉर्म भरले. नाव नाही, फक्त नंबर. ओळख गुप्त. ते गुप्त ठेवायचं काम तिचं, कारण बावीस वर्षं इथला प्रत्येक कागद तिच्या हाताखालून गेला होता आणि कोण कसा आठ काढतो हे तिला माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. आकडेवारी साफ करायची, खडे वेचायचे, म्हणून सगळे तिला चाळण म्हणत. तोंडावर चाळणबाई. आणि संचालक तिला मॅडम म्हणत, अहो म्हणत, आणि ती त्यांना सर. घरी तो दादा होता आणि ती अगं होती. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं, पण बावीस वर्षांत दोघांनी इतकी शिस्त पाळली होती की लोक ते विसरून गेले होते. कधीकधी तीही.

वीस तास. तिने खुर्ची मागे घेतली. आई चार वर्षं अंथरुणाला होती. त्या चार वर्षांत दादा दर रविवारी अकराला यायचा. बूट दाराशी काढायचा, पलंगाच्या पायथ्याशी ठेवलेल्या वेताच्या खुर्चीत बसायचा, वर्तमानपत्र उघडायचा. मधूनच आईच्या पावलावर हात ठेवायचा, चादरीवरून. "आज छान दिसतेय," म्हणायचा. आई, जिला एरवी पाणी मागायलाही शब्द जुळवावा लागे, ती रविवारी अकरा वाजता स्पष्ट म्हणायची, "दादाला चहा दे गं. दमून आलाय." दमून. गाडीतून. मग चहा, मग दोन विनोद, मग घड्याळाकडे न बघता घड्याळ बघण्याची ती त्याची युक्ती, मान वळवायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं कौतुक करायचं. घड्याळ कॅलेंडरच्या शेजारीच होतं. सव्वाबाराला तो उठायचा. दारात बूट घालताना तिला म्हणायचा, "तू स्वतःलाही जप हं." जपण्यासाठी स्वतःला कुठे ठेवलंय ते मात्र त्याने कधी सांगितलं नाही.

सव्वा तास. तिने तो आकडा मनात इतका स्वच्छ पाहिला की तो फॉर्मवर छापलेला असावा असं क्षणभर वाटलं. तिने वीस टाइप केलं. कारण जे लिहिलंय तेच भरायचं, हा तिनेच घातलेला नियम होता.

मोठ्या पाहणीसाठी संस्थेने लिंगभावाचे पाच पदर ठरवले होते : शरीर कसलं, स्वतःला काय मानता, कामं कोणती करता, घरात शब्द कोणाचा चालतो, लोक कसं वागवतात. प्रत्येक पदराला शंभरपैकी गुण. दादा व्याख्यानात सांगायचा, "फॉर्मच्या कोपऱ्यात स्त्री की पुरुष एवढी एक खूण करून आजाराची कारणं शोधणं म्हणजे थर्मामीटरने उंची मोजणं." टाळ्या पडायच्या. हे वाक्य तिचं होतं, एका रविवारी चहाचा ट्रे हातात असताना बोललेलं. पण कोण बोललं यासाठी रकाना नसतो. तिला त्याचं फार काही वाटलं नव्हतं. वाक्य न्यावं, वाक्य परत येतं, दुसरं सुचतं. तास परत येत नाहीत. आणि हा माणूस तिचे तास घेऊन गेला होता. चोरूनही नाही. चोराला निदान माहीत असतं की वस्तू दुसऱ्याची आहे.

दुपारी दादा तिच्या टेबलापाशी आला. तो आला की आधी त्याच्या अत्तराचा वास येई. "मॅडम, भरले का सगळे?"

"चौदापर्यंत आलेत, सर."

"चौदा." तो हसला, आवाज खाली आणला. "मी घरी हातानेच गुण काढले हो माझे. कामांच्या पदरात साठ येतात. पुरुषांत सगळ्यात वर असणार. शुक्रवारी अनुदानवाल्या बाई येतायत ना, मी सुरुवातीलाच सांगून टाकणार, चौदा नंबर म्हणजे मी. संचालकाने स्वतःपासून सुरुवात केली की बरं दिसतं."

"ओळख गुप्त असते, सर."

"माझी मी उघड केली तर कोणाची हरकत?" त्याने तिच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून पाहिला, परत ठेवला. "आलेख तुम्ही करताय ना?"

"आधी बघून घ्याल?"

"तुम्ही केलंय म्हणजे बघायचं काय त्यात."

शेजारच्या टेबलावरचा संगणकवाला, ज्याला ऐकू न येण्याचं सोंग चांगलं जमायचं, दादा गेल्यावर म्हणाला, "चाळणबाई, माझे कामांच्या पदरात अकरा आले. बायकोला सांगितलं तर म्हणते, अकरा कसे, खोटं लिहिलंस."

ती हसली. मग तिने बाजूला ठेवलेला आपला फॉर्म काढला, नऊ नंबरचा. तो तिने सोमवारीच भरला होता, शाईच्या पेनाने, एका बैठकीत, डोकं शांत ठेवून. चोवीस तासांतले पाच झोपेचे, तेही तुकड्यातुकड्यांत. तीन ऑफिसच्या कामाचे, कारण त्या चार वर्षांत ती घरूनच काम करायची, आईच्या पलंगाला लावलेल्या टेबलावर. उरले सोळा. सोळा सत्ते बारोदरसे. एकशे बारा. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची. लघवीची पिशवी, भरवणं, पुसणं, पुन्हा भरवणं. आईचा देह हातावर घेतला की तो हलका असायचा आणि खाली ठेवला की जड व्हायचा, हे कोणत्या शास्त्रात बसतं तिला कळलं नाही. आई शेवटी तिला दादाच्या नावाने हाक मारायची. तिने कधी दुरुस्ती केली नाही. ओ द्यायची.

तिने एकशे बारा टाइप केलं आणि पुढच्या ओळीवर जाण्यासाठी कळ दाबली. आकडा क्षणभर थरथरला, करडा झाला, आणि नाहीसा झाला. त्या जागी सत्तावीस पूर्णांक पाच आले. तिने परत भरलं. परत तेच. कोपऱ्यात बारीक अक्षरांत सूचना उमटली : नियम सहा, अशक्य आकडा, सरासरी भरली आहे. नियम कोणी केला ते बघायची सोय त्याच खिडकीत होती. तिने बघितलं. वीस वर्षांपूर्वीची तारीख होती आणि तिची सही होती.

मग सगळं आठवलं, आणि आठवलं म्हणण्यापेक्षा आत कुठेतरी बसून होतं ते उठून उभं राहिलं. पहिली मोठी पाहणी. दादाला लागून दोनच वर्षं झाली होती, संचालक व्हायचा होता, सगळ्यांचा लाडका होता. शुश्रूषेच्या तासांचे फॉर्म गठ्ठ्यांनी येत होते आणि त्यात बायकांनी नव्वद लिहिलं होतं, शंभर, एकशे वीस. आणि एका फॉर्मवर एकशे अडुसष्ट. दादाने तो कागद उंच धरला. "अहो, आठवड्यात तासच एकशे अडुसष्ट असतात. या बाई झोपत नाहीत? आंघोळ नाही करत?" खोलीभर हशा झाला. ती हसली होती. ते हसू तिला आता गालांत जाणवलं, जुनं, घट्ट झालेलं. त्या फॉर्मच्या समासात, जिथे काही लिहायचं नसतं तिथे, घरोघर फिरणाऱ्या बाईने पेन्सिलने लिहिलं होतं : मुलाला फिट्स येतात, म्हणतात की झोपेतही एक कान जागा असतो. तिने ते वाचलं होतं. नक्की वाचलं होतं. पण समासाला रकाना नसतो. "ऐंशीच्या वरचं सगळं काढून टाकू या, मॅडम," दादा म्हणाला होता, "रिकाम्या जागी सरासरी भरा." तिने तासाभरात नियम लिहिला, आणि चहा प्यायला गेली. त्या नियमावर संस्थेचे अकरा अहवाल उभे राहिले. त्यांतला दादाचा सगळ्यात गाजलेला निष्कर्ष असा की शुश्रूषेचा भार स्त्रियांच्या प्रकृतीवर फारसा परिणाम करत नाही, कारण तो भार तसा बेताचाच असतो. बेताचा तिने केला होता. आपल्या हाताने, कडा कापून.

रागाची एक गंमत असते, तो आपल्याकडे वळायला लागला की माणूस घाईघाईने त्याचं तोंड दुसरीकडे फिरवतो. तिला ही गंमत कळत होती आणि तरी तिने फिरवलं. पुरतं नाही, अर्धं. अर्धा राग आपल्यापाशी ठेवला, चावीसारखा. उरलेला अर्धा कामाला लावला.

फॉर्मचं शेवटचं पान, म्हणजे पुरवणी, दादाच्या डोक्यातून निघालेलं होतं आणि त्याला त्याचा फार अभिमान होता. माणूस स्वतःबद्दल खोटं बोलत नाही, चुकीचं मोजतो, म्हणून तेच उत्तर दुसऱ्या माणसालाही विचारायचं आणि दोन आकड्यांतली तफावत काढायची. शुश्रूषेच्या प्रश्नासाठी दुसरा माणूस म्हणजे ज्या घरात शुश्रूषा झाली त्या घरातली दुसरी प्रौढ व्यक्ती. चौदा नंबरच्या बाबतीत ते घर आईचं. त्या घरातली दुसरी प्रौढ व्यक्ती एकच होती. तिने चौदा नंबरची पुरवणी पुढे ओढली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : एक पूर्णांक पंचवीस. सही केली. सूड नियमात चपखल बसत होता, ही त्यातली सगळ्यात गोड गोष्ट होती. आयुष्यभर नियम पाळणाऱ्या बाईला दुसरा कुठलाही सूड झेपला नसता.

नऊ नंबरसाठी त्या घरात दुसरं कोणी नव्हतं. सूचनापत्रात त्याचीही सोय होती : अशी व्यक्ती नसल्यास, नियमित येणारी जवळची व्यक्ती. नियमित. हे मात्र कोणालाही नाकारता आलं नसतं. पाऊस असो, ऊन असो, अकरा म्हणजे अकरा. तिने पुरवणी पाकिटात घातली, वर लिहिलं, "नऊ नंबरसाठी, आपल्या बहिणीबद्दल", आणि शिपायाकरवी संचालकांच्या खोलीत पाठवून दिली.

आणि मग ती वाट बघत बसली. ही गोष्ट तिला स्वतःलाच अनपेक्षित होती. तिला वाटत होतं की सगळं ठरलंय, पण काचेच्या दारापलीकडे दादाची खोली होती, तो फोनवर बोलत होता, पाकीट त्याच्या हातात होतं, आणि शाळेत निकालाच्या दिवशी फलकाकडे बघायची तशी ती त्या पाकिटाकडे बघत होती. त्याने शंभर लिहिलं तर? शंभर कशाला, साठ लिहावं. त्याने साठ लिहिलं तर चौदा नंबरची पुरवणी फाडून टाकायची, असं तिने मनाशी ठरवलं. मग चाळीसवर आली. चाळीस लिहिलं तरी फाडेन. फोन कानाला तसाच ठेवून दादाने खिशातून पेन काढलं, काहीतरी लिहिलं, बोलता बोलता हसला, शिपायाला हाक मारली. दहा मिनिटंही झाली नव्हती.

शुश्रूषेचे तास : शून्य. नीट, गोल, टोकं जुळलेलं. आणि समासात, जिथे काही लिहायचं नसतं तिथे, त्याने आपणहून खुलासा केला होता : घरीच असायची.

तिने तो कागद बराच वेळ धरून ठेवला. त्यात दुष्टपणा शोधला, सापडला नाही. सापडला असता तर बरं झालं असतं. त्याने अगदी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. जो बाहेरून येतो तो शुश्रूषा करतो, जी घरात असते ती असते. पंख्याला कोणी विचारत नाही की तू आठवड्याला किती तास वारा घातलास. तिला एकदम आईचा आवाज ऐकू आला, दमून आलाय, आणि तिच्या लक्षात आलं की आईला विचारलं असतं तरी कदाचित हाच आकडा आला असता. हे तिने पुढे विचारात घेतलं नाही. मेलेल्या माणसांना पुरवणी पाठवता येत नाही.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "अगं, शुक्रवारी यांनी कुठला सदरा घालावा? तुमच्याकडे कोणी बाई येणार म्हणे बाहेरून."

"फिकट घाल म्हणावं. पडद्यासमोर उभं राहायचंय."

"तुझं बरं असतं बाई, तुला सगळं कळतं. यांना काय, कपाट उघडून दिलं तर कपडे दिसतात."

शुक्रवारी सभागृहात सगळे सव्वीस जण होते. अनुदानवाल्या बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, चष्मा गळ्यात, वही मांडीवर, बोलण्याआधी पेनाचं टोपण काढणाऱ्या. दादा फिकट सदऱ्यात होता. थर्मामीटर आणि उंची झाली, टाळ्या झाल्या. "आणि मी हे केवळ सांगत नाही," दादा म्हणाला, "सव्वीस जणांत मीही आहे. चौदा नंबर म्हणजे मी. आईच्या आजारपणात काय करावं लागलं ते मी त्यात मोकळेपणाने लिहिलंय. पुरुषांनी हे बोललं पाहिजे." पुन्हा टाळ्या झाल्या, जरा जास्त. बाईंनी वहीत चौदा लिहून त्याभोवती गोल केला. दादाने मान वळवली. "मॅडम, आलेख."

तिने कळ दाबली.

पडद्यावर सव्वीस रेघा आल्या, आखूड डावीकडे, लांब उजवीकडे. प्रत्येक रेघेच्या एका टोकाला माणसाचं स्वतःचं उत्तर, दुसऱ्या टोकाला दुसऱ्याचं. बहुतेक रेघा आखूड होत्या, नखाएवढ्या. चौदा नंबरची रेघ विसापासून निघून सव्वापर्यंत खाली आली होती, जिन्यावरून पाय घसरल्यासारखी. कोणीतरी खोकलं. तिची नजर पडद्यावर नव्हती, दादाच्या मानेवर होती. मानेवर सदऱ्याच्या काठालगत लाली हळूहळू वर चढत होती आणि फिकट रंगावर ती छान दिसत होती.

पण बाईंनी डोळ्यांवर चढवलेला चष्मा त्या रेघेवर थांबला नव्हता. तो पार उजवीकडे गेला होता, जिथे नऊ नंबरची रेघ पडद्याच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत सरळ उभी होती. एकशे बारा ते शून्य. आणि तिच्याखाली, कारण या वेळी चाळणबाईंनी समासाला रकाना दिला होता, अवतरणात शेरा : "घरीच असायची."

आधी मागच्या रांगेतल्या रक्त घेणाऱ्या बाई हसल्या. मग त्यांच्या शेजारची. मग बायकांच्या बाजूने एक हसू आलं ज्यात आनंद कुठे नव्हता. "माझ्या घरी हे वाचून दाखवलं तर मला कुलूप दिसेल," संगणकवाला पुटपुटला.

"हा शेरा कोणी लिहिलाय?" बाईंनी विचारलं.

"ओळख गुप्त असते," दादा म्हणाला. आवाज स्थिर होता. तिला मनातून दाद द्यावीशी वाटली. "आणि नऊ नंबरचा आकडा बहुधा चूक आहे. ऐंशीच्या वरचं आपण धरत नाही. नाही का, मॅडम?"

"आत्तापर्यंत धरत नव्हतो, सर."

"म्हणजे?" बाईंनी टोपण काढलं. "असे किती काढलेत?"

"वीस वर्षांत तीन हजार चारशे सोळा. त्यातले बायकांचे तीन हजार तीनशे दोन." ती आकडे बघून बोलत नव्हती. "त्यात एक एकशे अडुसष्टचा आहे. त्याची नोंद मी वेगळी दिलीय. अकराही अहवाल परत काढावे लागतील."

"नियम कोणी केला?"

"मी. सरांनी विनोद केला होता, मी त्याचा नियम केला. सही माझीच आहे."

वातानुकूलन यंत्र घरघरत होतं. बाईंनी खाली मान घालून लिहिलं, मग वर बघितलं. "आणि हा एकशे बाराचा? तो खरा कशावरून?"

"ते सरांना विचारा," ती म्हणाली. "नऊ नंबर मी आहे. आई आमच्या दोघांची. सर दर रविवारी यायचे."

दादा वळला. बावीस वर्षांत पहिल्यांदा ऑफिसात त्याच्या तोंडून ते गेलं, "अगं, पण..." त्या 'अगं'ने सभागृहातल्या सगळ्यांना एकदम आठवलं की हे दोघं कोण आहेत. त्याच्या हातातला दर्शक दिवा चालूच राहिला होता. लाल ठिपका पडद्यावर फिरला, एकशे बारावर गेला, खाली घसरून शून्यावर आला. "बरोबर असावा," तो म्हणाला. "आकडा बरोबर असावा."

असावा. तिने तेवढं घेतलं.

रविवारी अकराला दाराची घंटा वाजली. आई गेल्यापासून तो आला नव्हता. बूट काढले, आत आला. पलंग तिने केव्हाच देऊन टाकला होता. तिथली फरशी बाकीच्या फरशीपेक्षा उजळ होती, पण वेताची खुर्ची तिच्या जागीच होती, रिकाम्या चौकोनाकडे तोंड करून. तो तीतच बसला. दुसरं कुठे बसायची त्याला सवय नव्हती.

"मला आधी सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"तू विचारलं नाहीस. फॉर्ममध्ये विचारलंस, फॉर्ममध्ये सांगितलं."

"सगळे अहवाल जातील आता. तुझंही नाव आहे त्यांवर."

"आहे की."

"तुझी वहिनी विचारते, तुम्ही असं काय केलंत." त्याने चौकोनाकडे पाहिलं. "मी यायचो ना गं. कधी चुकवलं नाही."

"कधीच नाही," ती म्हणाली.

तिने चहा ठेवला, एक कप. तो घेऊन खिडकीशी बसली आणि सावकाश प्यायली. त्याने कपाकडे बघितलं, मग कॅलेंडरकडे बघितलं. ते गेल्या वर्षीचं होतं, तरी त्याने चित्राचं कौतुक केलं. रस्त्यावरून कोणीतरी सायकल ढकलत नेत होतं, चाकाचा आवाज लांबपर्यंत ऐकू येत राहिला. एकशे अडुसष्टवाल्या बाईचा मुलगा आता केवढा असेल, असेल का, हे तिच्या मनात येऊन गेलं आणि गेलं नाही.

शेवटी तो उठला. दाराशी वाकून बूट घालताना सवयीने त्याच्या तोंडात ते वाक्य आलं, तू स्वतःलाही, आणि तिथेच थांबलं. तो वर न बघता जिना उतरला.

तिने दार लावलं आणि घड्याळाकडे बघितलं. सव्वाबारा. तिचा आकडा बरोबर होता.